जोशाचा हक्क मोडला, महार वतन राहिले

जुन्नर-आंबेगावच्या अभ्यासवर्गांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या जेफरसनने गुलाम बाळगले, त्याचा विचार बाबासाहेबांनी संविधान सभेत का मांडला? विचारणारे तरुण वाचून आलेले असतात. त्यांचा राग खरा असतो. पण उत्तरासाठी अमेरिकेत जाण्याआधी आपण ओतूरला जाऊ.

१८८० च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचे लग्न भटजीशिवाय, सत्यशोधक पद्धतीने लावले. ग्रामजोशांनी कोर्टात धाव घेतली. जोशीपण हे आमचे वतन आहे, तुम्ही बोलवा अगर न बोलवा, दक्षिणा आमच्या हक्काची, असा त्यांचा दावा होता. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि अखेर सत्यशोधकांची बाजू मान्य झाली. जन्माने मिळालेल्या हक्कापुढे मान तुकवायची नाही, हे जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कोर्टात उभे राहून सांगितले. आम्हाला त्याचा अभिमान आहे.

पण त्या काळच्या गावगाड्यात आणखी एक वतन होते. महार वतन. सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, मयताचा सांगावा परगावी पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, शिवेची राखण करणे. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही. वतनदार आजारी असेल किंवा गावाला गेला असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचे. मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन आणि खळ्यावर मिळेल ते बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला सरकारी शिक्काही मिळाला. बाबासाहेबांनी तिला गुलामगिरीच म्हटले.

म्हणजे नको असलेल्या सेवेचे पैसे मी का द्यावेत, असे गावचा पाटील जोशाला विचारू शकत होता. पैसेच मिळत नाहीत तर सेवा का द्यावी, हे विचारायची सोय महाराला नव्हती. हा एका माणसावरचा आरोप नाही. जोतीरावांनी तर १८५२ मध्येच महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पण पुढे ब्राह्मणेतर चळवळीतल्या अनेक पुढाऱ्यांनी जोशाच्या वतनाला हात घातला आणि महाराच्या वतनाकडे पाठ फिरवली.

आता अमेरिका बघा. १७७६ मध्ये जेफरसनने सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिला. त्याच माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले आणि त्यांतले अगदी मोजकेच मुक्त केले. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर तीनशेहून जास्त गुलाम होते. आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले, पण तेही बायकोच्या मृत्यूनंतर. १७८७ च्या संविधानाने प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशोब घातला. राजाच्या जुलमाविरुद्ध लढलेले लोक स्वतःच्या मळ्यावर राजे होते. गुलामगिरी कायद्याने संपायला यादवी युद्ध आणि १८६५ साल उजाडावे लागले.

जोतीरावांनी तरुणपणी वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते. पण १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण करताना त्यांनी वॉशिंग्टनचे नाव घेतले नाही. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केले. हा फरक आपण नीट लक्षात घेतला पाहिजे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी जेफरसनचा कोणता विचार घेतला, तेही पाहा. प्रत्येक पिढी म्हणजे एक स्वतंत्र राष्ट्र, मागची पिढी पुढच्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही, हा तो विचार. संस्थापकांचे ओझे पुढच्यांनी वाहू नये, हेच त्यांनी एका संस्थापकाच्या तोंडून वदवले. राजकारणातल्या भक्तीने हुकूमशाही येते, हा इशाराही त्याच भाषणातला. त्याआधी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला बोलताना त्यांनी रानड्यांचे मोठेपण मान्य केले आणि विभूतिपूजेवर टीकाही केली. विचार घ्यायचा, माणसाचा हिशोब चुकता करायचा आणि पूजा कुणाचीच करायची नाही, ही बाबासाहेबांची रीत.

म्हणून आम्ही दोन्ही टोके नाकारतो. बहुजन ऐक्याच्या व्यासपीठावर ओतूरचे नाव घेऊन महार वतनावर गप्प बसणारे अर्धाच इतिहास सांगतात. आणि ती पाटलांची भांडणे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणारे आपले तरुण हातातले हत्यार टाकून देतात. जन्मावर उभा असलेला हक्क अन्यायाचा आहे, हे तत्त्व जोशाला लागू होते तर ते पाटलालाही लागू होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे बिल आणले तेव्हा हेच तत्त्व पुढे नेले. बिलाला विरोध झाला आणि ते मागे घ्यावे लागले. वतन कायद्याने संपले ते १९५९ मध्ये. ओतूरच्या खटल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. या सत्तर वर्षांचा जाब विचारणे म्हणजे फूट पाडणे नव्हे.

हा जाब आपल्यालाही द्यावा लागेल. आपल्या तालुक्यांत ठाकर आणि कातकरी कुटुंबे आहेत, मातंग वस्त्या आहेत. त्यांच्या प्रश्नावर आपण किती वेळा मोर्चा काढला? आपल्या घरातल्या बाईला घरच्या निर्णयात किती मत आहे? आपल्या पायाखाली कोणी असेल, तर आपलीही गत जेफरसनसारखीच.

येत्या जयंतीला मिरवणूक जरूर काढा. पण त्याआधी तलाठी कार्यालयात जाऊन गावातल्या इनाम वर्ग ६ ब जमिनीचे सातबारे आणि जुने फेरफार काढा. वतनाची जमीन आज कुणाच्या नावावर आहे, ती कशी गेली, हे वहीत लिहा आणि अभ्यासवर्गात वाचून दाखवा.

जय भीम, जय जोती!