दुकान बंद व्हायच्या वेळेला

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर. मागावर विणलेल्या कापडाचा हिशेब मीटरमध्ये होतो. दुकानात ताग्यामागून तागा उलगडणाऱ्या नोकराच्या श्रमांची मोजदाद मात्र उशिरा सुरू झाली.

मुंबई प्रांतात दुकान-कामगारांसाठी पहिला कायदा १९३९ साली झाला. १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ तासांची मर्यादा, सलग ५ तासांनंतर विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी दिली. त्यात गिऱ्हाइकाचीही सोय होती: बंद व्हायच्या वेळी जो दुकानात असेल, त्याला पुढची १५ मिनिटं माल देता येई. तेवढीच!

बसण्याचा हक्क त्याहून अवघड ठरला. ब्रिटनमध्ये दुकानातल्या स्त्रियांसाठी आसनांचा कायदा १८९९ मध्ये आला. केरळात कोझिकोडच्या विक्रेत्या स्त्रियांनी लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये कायदा बदलला.

महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकानं वर्षभर, चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली. कामाचे तास ९ च राहिले, पण त्याच्या मुख्य तरतुदी १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या. एक मालक आणि दोन नोकरांचं दुकान त्याबाहेर.

अशा दुकानात नोकराचा दिवस बराचसा गिऱ्हाइकाच्या हाती असतो. ईद-दिवाळीच्या गर्दीत हवा तो रंग आणि अंदाजे किंमत आधीच सांगितली, तर वीस ताग्यांऐवजी पाचच उलगडावे लागतात. काही घ्यायचं नसेल तर तसं वेळेवर सांगितलं, की घड्या घालण्याचं कामही वाचतं.