वापरलेले खाद्यतेल : संकलन, वाहतूक आणि कायदेशीर तरतुदी

उपाहारगृहे, फरसाणाचे कारखाने आणि मोठी भोजनगृहे येथे तळणीनंतर उरलेले तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा खाद्यपदार्थांसाठी वापरले जाण्याचा धोका असतो. असे तेल अन्नसाखळीबाहेर जावे आणि त्याचा माग नोंदींतून काढता यावा, या हेतूने अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये देशभर लागू असलेले नियम करण्यात आले आहेत.

२५ टक्क्यांची मर्यादा

तेल वारंवार तापवल्यास त्याचे विघटन होऊन त्यातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण वाढते. अशा तेलाच्या सेवनाचा संबंध उच्च रक्तदाब, धमनीकाठिण्य आणि यकृताच्या विकारांशी जोडला जातो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये अधिसूचित केलेली मर्यादा १ जुलै २०१८ पासून अमलात आली. त्यानुसार एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असलेले वनस्पती तेल अन्नासाठी वापरता येत नाही. ही मर्यादा मोठ्या हॉटेलांप्रमाणेच वडापाव किंवा भजीच्या गाडीलाही लागू आहे. हे प्रमाण हातात धरता येणाऱ्या मापकाने जागेवरच तपासता येते.

नोंदी कोणी ठेवायच्या?

तळणीसाठी दररोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या अन्न व्यावसायिकांवर १ मार्च २०१९ पासून नोंदी ठेवण्याचे बंधन आहे. तेलाचा प्रकार, तळणीसाठी घेतलेले प्रमाण, दिवसअखेर काढून टाकलेले प्रमाण, विल्हेवाटीची तारीख व पद्धत आणि तेल नेणाऱ्या संस्थेचे नाव या बाबी त्यात नमूद कराव्या लागतात. हे तेल अधिकृत संकलकांकडेच सोपवणे आवश्यक आहे. दर लावून तेल विकत घेणाऱ्या कोणत्याही फिरत्या खरेदीदाराला ते देणे नियमात बसत नाही.

संकलनाची व्यवस्था उभी राहावी यासाठी प्राधिकरणाने १० ऑगस्ट २०१८ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. त्यात संकलक आणि बायोडिझेल उत्पादक यांना अन्न व्यावसायिकांशी जोडले जाते.

वाहतुकीचे नियम

‘वापरलेले तेल’ या शब्दांमुळे व्यवहारात गोंधळ होतो. घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांतील ‘वापरलेले तेल’ या संज्ञेत खनिज तेलापासून बनलेली किंवा कृत्रिम तेलाचे मिश्रण असलेली इंजिन तेल, गिअर तेल यांसारखी तेले येतात. तळणीचे वनस्पती तेल या व्याख्येत बसत नाही. मात्र दोन्ही तेले एकत्र केल्यास त्या मिश्रणाचे स्वरूपच बदलते. त्यामुळे त्यांचे डबे आणि वाहतूक वेगळी ठेवणे गरजेचे ठरते.

वस्तू व सेवा कराच्या सर्वसाधारण नियमानुसार ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात नेताना ई-वे बिल लागते. अन्न व्यावसायिकाची नोंदवही, संकलकाची पावती आणि वाहनासोबतची कागदपत्रे यांतील प्रमाण जुळले, तरच तेल मध्येच अन्यत्र वळवले गेले नसल्याची खात्री करता येते.

अंतिम वापर आणि दंड

संकलित तेलापासून बायोडिझेल तयार करता येते. डिझेलमध्ये मिसळण्यासाठीचे बायोडिझेल भारतीय मानक १५६०७ नुसार असावे लागते. राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ मध्ये २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे सूचक उद्दिष्ट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलच्या खरेदीसाठी १०० शहरांत स्वारस्य प्रस्ताव मागवले होते.

निकृष्ट अन्नाबद्दल कायद्याच्या कलम ५१ नुसार ५ लाख रुपयांपर्यंत, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या निर्देशांचे पालन न केल्यास कलम ५५ नुसार २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास कलम ५९ नुसार किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावास आणि किमान १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

नियमांच्या कक्षेतील उणीव

दररोज ५० लिटर किंवा त्याहून कमी तेल वापरणाऱ्यांवर नोंदींचे हे बंधन नाही. शहरांतील असंख्य लहान विक्रेते याच गटात मोडतात. त्यांना २५ टक्क्यांची मर्यादा लागू असली, तरी कागदोपत्री माग नसल्याने तिचे पालन प्रत्यक्ष तपासणीवरच अवलंबून राहते. स्वस्तात विकले गेलेले जुने तेल घेण्याचा मोहही याच गटाला अधिक असू शकतो.

घरगुती वापरासाठी प्राधिकरणाचा सल्ला आहे की, तेल शक्यतो एकदाच आणि फार तर तीनदा तापवावे. निळसर करडा धूर, घट्ट फेस किंवा काळपट गढूळ रंग दिसल्यास ते टाकून द्यावे. ते मोरीत ओतल्यास नलिका तुंबतात. खाद्यपदार्थांबाबतची तक्रार राज्याच्या अन्न सुरक्षा यंत्रणेकडे करता येते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते.