एक जू टाकलं, दुसरं घेतलं नाही : पंडिता रमाबाईंची गोष्ट

आज आम्ही तुमच्यासाठी इतिहासातली गोष्ट आणली आहे, आणि ती आहे ख्रिस्ती झालेल्या एका मराठी बाईची. आपल्या गटांमध्ये ख्रिस्ती बाया आहेत. नवापूर-नंदुरबारकडे तर गावागावांत आहेत, धुळ्या-जळगावातही आहेत. पण ही गोष्ट फक्त त्यांच्यासाठी नाही. देवाचं म्हणणं काय, हे बाईला कोणी सांगायचं? महाराजांनी, भगताने, पाद्रीसाहेबांनी, की तिचं तिने समजून घ्यायचं? हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जात्यावर बसून त्या थेट देवाशी बोलत होत्या. रमाबाईंना मात्र हेच करण्यासाठी दोन धर्मांतल्या मोठ्या माणसांशी वाद घालावा लागला.

पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं. बालविधवांसाठी काम केलं, शारदा सदन काढलं, एवढं आपल्याला माहीत असतं. आम्ही सांगणार आहोत ते पुस्तकात फारसं येत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान पुराणिक. त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हा गुन्हाच. उडुपीला त्यांच्या गुरूंपुढे आणि शास्त्र्यांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. अनंतशास्त्र्यांनी शास्त्रांतूनच पुरावे काढून दाखवले की बाईला शिकवण्यात पाप नाही. पुढे आईने लेकीला शिकवलं. मोठ्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर मूळ ग्रंथात शोधायचं, ही सवय रमाबाईंना घरातच लागली असं आम्हाला वाटतं. ती सवय त्यांच्या आयुष्यभर कामी आली.

मग दुष्काळ आला. सगळं कुटुंब तीर्थयात्रेला फिरत होतं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं. 1874 च्या सुमारास आधी वडील, मग आई, मग बहीण, सगळी उपासमारीने गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी फिरत फिरत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. वेद बाईने वाचू नयेत असं त्या लहानपणापासून ऐकत होत्या. ब्राह्म समाजाच्या केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत दिली आणि वाचायला सांगितलं. धर्मग्रंथ जसजसे वाचत गेल्या तसतसं त्यांच्या लक्षात आलं की हजार गोष्टींत या ग्रंथांचं एकमेकांशी पटत नाही, पण बाईला मोक्षाचा हक्क नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं पटतं.

भाऊ गेला. 1880 साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. चोवीस वर्षांची विधवा, कडेवर लेक. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 साली डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत होतं, म्हणून डॉक्टरकी राहिली. वांटेज नावाच्या गावात ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता, तिथे त्या राहिल्या. 29 सप्टेंबर 1883 ला आई आणि लेक दोघींचा बाप्तिस्मा झाला.

इथे पुण्यात एकच गदारोळ झाला. बाई फितूर झाली, साहेबाच्या पंखाखाली गेली, असं लोक म्हणू लागले. तिकडे इंग्लंडमध्ये लोकांना वाटलं, आता ही आपल्या सांगण्यात राहील. दोन्हीकडच्यांचा अंदाज चुकला.

आधी छोट्या छोट्या गोष्टींवरून सुरू झालं. रमाबाई मांस खात नव्हत्या, अंडंही चालत नव्हतं. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांना हा जुन्या जातीचा ताठा वाटला. मग क्रूस. त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं असं की लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या बायांनाही कळत नाही; मग ते आमच्या संस्कृतपेक्षा पवित्र कसं? आम्हाला हा प्रश्न फार आवडतो. देवाला एकच भाषा कळते असं सांगणारे लोक सगळ्याच धर्मांत भेटतात.

मोठा वाद पुढे झाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. काही पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं असं ठरत होतं. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचा सल्ला घेतला गेला. बिशप म्हणजे एका प्रांतातल्या सगळ्या पाद्र्यांच्या वरचे धर्मगुरू. दोघांनी नको म्हटलं. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल, हे कारण. आता गंमत बघा. या चर्चच्या सर्वोच्च जागी तेव्हा एक बाईच होती, व्हिक्टोरिया राणी! आणि रमाबाई तर हिंदुस्थानात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्यानं देऊन आलेल्या. त्यांना राग आला तो आणखी एका गोष्टीचा: माझ्याबद्दल ठरवताना मलाच कोणी विचारलं नाही.

यावरून सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात पत्रं सुरू झाली. ती पत्रं आज पुस्तकात छापलेली आहेत. सिस्टर सांगतात, चर्च शिकवतं ते नम्रपणे मान, तुझ्यात अहंकार आहे. रमाबाई विचारतात, हे बायबलात कुठे लिहिलंय? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे त्रैक्याचं तत्त्व मंडळीत सगळे जसं म्हणत तसं त्यांना म्हणवत नव्हतं. मनाला पटल्याशिवाय तोंडाने म्हणणं त्यांना खोटं वाटे. मे 1885 च्या पत्रात त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलं आहे. आता इथले धर्मगुरू म्हणतील ते सगळं देवाची आज्ञा समजून दुसरं तसलंच जू घालून घेणार नाही.

या वादात लेकही होती, म्हणून हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. मनोरमा मठात वाढत होती. तिला धर्म काय शिकवायचा हे मठ ठरवू पाहत होता. रमाबाईंनी ठाम सांगितलं, मी आई आहे, ते मी ठरवीन. विचार करा, परका मुलूख, पैसा नाही, अन्न-निवारा त्याच लोकांचा. त्यांना दुखवलं तर लेकीला घेऊन जायचं कुठे? तरी त्या मागे हटल्या नाहीत. आणि नातंही तोडलं नाही, सिस्टरांना पुढेही पत्रं लिहीत राहिल्या. आम्हाला यातलं दुसरं जास्त अवघड वाटतं.

1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ पाहायला. तिथल्या लोकांनी मदत उभी केली आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. नियम असा की कोणावर धर्माची सक्ती नाही. त्यावरून काही मिशनरी नाराज, की ही मुलींना ख्रिस्ती का करत नाही. रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसायच्या तेव्हा दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. हे नीट समजून घ्यायला हवं. ज्या आईबापांनी विश्वासाने लेकी पाठवल्या त्यांची भीती खोटी नव्हती. पण दार बंद करून घेणं रमाबाईंना लपवाछपवी वाटली.

याच दरम्यान त्यांच्या मनात एक बदल झाला होता. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावरची ही कबुली! मंडळीत नाव लागलं, विधी झाले, सगळं झालं, तरी देवाशी स्वतःचं नातं जुळायला एवढा काळ गेला.

नाशिककडच्या लक्ष्मीबाई टिळकांची कथा याच वळणाची. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे या टिळकांच्याच घरी राहिले होते, म्हणून खान्देशाला हे घर परकं नाही. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. नवरा म्हणतो म्हणून लक्ष्मीबाई मागे गेल्या नाहीत. सोवळंओवळं पाळलं, ताटातूट सोसली, स्वतःशी विचार केला. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे त्यांचं त्यांना उमगलं. बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, पाच वर्षांनी, आपल्या मनाने. टिळकांनीही 1917 साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती.

रमाबाई मात्र केडगावला रमल्या होत्या. मनमाड-दौंडवरून पुण्याला जाणारी गाडी या गावावरून जाते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. आईबाप आणि बहीण भुकेने गेलेली बाई ती, दुसरं काय करणार? 1900 च्या दुष्काळानंतर ‘मुक्ती’ सदनात दीड-दोन हजार बाया-मुली होत्या. शेती, विणकाम, दूध, छापखाना, सगळं बायांच्या हाती. एक गोष्ट लपवू नये. मुक्तीत शेवटचा शब्द रमाबाईंचाच चाले. दुसऱ्याचं जू न मानणाऱ्या बाईच्या घरातही शिस्त कडकच होती.

तिथेच त्यांनी शेवटचं मोठं काम हाती घेतलं. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा पंडिती, शेतातल्या बाईला न कळणारी. बायबलचा जुना करार मुळात हिब्रू भाषेत आहे, नवा करार ग्रीक भाषेत. रमाबाई उतारवयात या दोन्ही भाषा शिकल्या. बायांना शिकता यावं म्हणून हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. कोणा शास्त्र्याने किंवा साहेबाने सांगितलेला अर्थ नको, मूळ शब्द बघायचा. पंधराहून जास्त वर्षं हे चाललं. ते भाषांतर पुढे मंडळ्यांमध्ये फारसं रुजलं नाही, त्यातली वाक्यं कुठे कुठे अडखळतात. पण एका बाईने मूळ भाषांतून सबंध बायबल मराठीत आणलं आणि ते बायांनी चालवलेल्या छापखान्यात छापलं गेलं.

1921 साली मनोरमा गेली. सदनाचं काम जिच्या हाती द्यायचं ती लेक आईच्या आधी गेली. रमाबाईंचं शरीर थकलं होतं, कान तर केव्हाच गेले होते. तरी छापखान्यातून येणारे कागद तपासणं त्यांनी सोडलं नाही. भाषांतराचं काम संपलं आणि थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 ला, त्या गेल्या. सबंध छापील बायबल बाहेर आलं ते त्यांच्या माघारी, दोन वर्षांनी.