लोडरचा दांडा: खटक्यापासून तेलापर्यंत
१/ ट्रॅक्टरला जोडलेल्या अनेक जुन्या लोडरांत बकेट हळूहळू रिती करण्याची सोय नव्हती. चालक दोरी ओढी, खटका सुटे आणि भरलेली बकेट स्वतःच्या वजनाने एकदम उलटे. चालकाच्या हाती उरे तो केवळ नेम.

२/ हे चित्र बदलले ते द्रवदाबामुळे. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर शेतीची अवजारे तेलाच्या दाबाने उचलली जाऊ लागली.

३/ जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४५ मध्ये इंग्लंडमधील अटॉक्सिटर येथे, भाड्याच्या गॅरेजात उद्योग आरंभला. १९४९ मध्ये त्याचा ‘मेजर लोडर’ आला, १९५३ मध्ये बॅकहो लोडर. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘जेसीबी’. आज महाराष्ट्रात असे कोणतेही यंत्र त्याच नावाने ओळखले जाते.

४/ तेलाबरोबर नवे कौशल्य आले. दांडा हे दिव्याचे बटण नव्हे, ती पाण्याची तोटी आहे. तो जितका सरकवावा तितकी झडप उघडते व तितके तेल वाहते. उतरणारी भरली बकेट अचानक थांबवली, तर तिचा वेग ट्रॅक्टरला हिसका देतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून जाणता चालक थांबण्याच्या जागेआधीच दांडा सावकाश मध्यावर आणतो.

५/ प्रश्न जिवाचा आहे. बकेट उंच असता गुरुत्वमध्य वर जातो. उतारावर वळताना ट्रॅक्टर कलंडू शकतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली. ही चौकट चालकाला चिरडण्यापासून वाचवते, ट्रॅक्टर उलटणे मात्र रोखत नाही. त्यासाठी भार जमिनीलगत ठेवून, दांडा हळुवार हाताळूनच चालावे लागते.