‘द टू टॉवर्स’ : सिनेमाने फॅरामिरला का बदललं?

गाजलेल्या पुस्तकावर सिनेमा आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “पुस्तकात असं नव्हतं.” ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे ‘द टू टॉवर्स’बद्दल, हे वाक्य आजही ऐकायला मिळतं. जे. आर. आर. टॉल्किन यांचं पुस्तक १९५४ मध्ये आलं, तर पीटर जॅक्सन यांचा सिनेमा डिसेंबर २००२ मध्ये. दोन्हींत फरक बरेच आहेत, पण सगळ्यात जास्त वाद झाला तो एका पात्रावरून. ते पात्र म्हणजे फॅरामिर.

(पुढे कथेचा उलगडा आहे.)

मांडणीतच फरक

पुस्तकाचे सरळ दोन तुकडे आहेत. पहिल्या ११ प्रकरणांत ॲरागॉर्न, गॅंडाल्फ आणि रोहानचं युद्ध येतं. नंतरच्या १० प्रकरणांत फक्त फ्रोडो, सॅम आणि गॉलम यांचा प्रवास. सिनेमात हे दोन्ही धागे आलटून पालटून दिसतात.

हेल्म्स डीपची लढाई पुस्तकात एका प्रकरणात आटोपते. सिनेमात तोच कळसाध्याय आहे. तिथे मदतीला येणारं एल्फ सैन्य आणि ॲरागॉर्नचं कड्यावरून कोसळणं, या दोन्ही गोष्टी पुस्तकात नाहीत.

फॅरामिरचं काय झालं?

फॅरामिर हा गॉन्डोरचा सेनानी. अंगठीच्या मोहात पडलेल्या बोरोमिरचा धाकटा भाऊ. फ्रोडो आणि सॅम त्याच्या तावडीत सापडतात.

पुस्तकात फ्रोडोकडे नेमकं काय आहे हे कळण्याआधीच तो सांगून टाकतो की, अशी वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी आपण उचलणार नाही. पुढे सॅमच्या तोंडून अंगठीचं गुपित फुटतं. तरीही फॅरामिर शब्द पाळतो. दोघांना शिधा देऊन वाटेला लावतो.

सिनेमात तो अंगठी वडिलांकडे पाठवायचं ठरवतो आणि फ्रोडोला ऑस्गिलियाथपर्यंत ओढत नेतो. तिथली परिस्थिती पाहून आणि सॅमचं बोलणं ऐकून त्याचं मन पालटतं. ऑस्गिलियाथचा हा सगळा प्रसंग सिनेमाने रचलेला आहे.

हा बदल का केला?

यामागची दोन कारणं सिनेमाच्या लेखकांनीच सांगितली आहेत.

पहिलं कारण, अंगठीचा धाक. सिनेमा पहिल्यापासून सांगतो की ही अंगठी भल्याभल्यांना भुरळ घालते. मग एखादा माणूस तिला सहज नाही म्हणाला, तर तिची भीतीच निघून जाते, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरं कारण, शेवट. पुस्तकातला हा भाग शेलॉब या महाकाय कोळिणीच्या हल्ल्याने संपतो. सिनेमात तो प्रसंग तिसऱ्या भागात गेला. त्यामुळे फ्रोडोच्या धाग्याला दुसरा कळस हवा होता. शेलॉबला पुढे नेण्याला पुस्तकाचाही आधार आहे. टॉल्किन यांनी परिशिष्टात दिलेल्या तारखांनुसार शेलॉबचा प्रसंग हेल्म्स डीपच्या लढाईनंतर आठवडाभराहून जास्त काळाने घडतो.

मग वाचक नाराज का?

कारण फॅरामिर हे टॉल्किन यांच्या अगदी जवळचं पात्र. स्वतःशी त्यातल्या त्यात साम्य असलेलं पात्र म्हणून त्यांनी एका पत्रात त्याचंच नाव घेतलं होतं. टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. युद्ध पाहिलेल्या या लेखकाने असा सैनिक उभा केला, जो युद्ध जिंकून देऊ शकेल असं शस्त्र समोर असताना ते नाकारतो. तेही देश हरत असताना. सत्तेला नाही म्हणणारा साधा माणूस असू शकतो, हा भरवसा त्या प्रसंगात आहे.

सिनेमाचा फॅरामिर आधी चुकतो आणि मग सावरतो. २००३ मध्ये आलेल्या वाढीव आवृत्तीत बोरोमिर, फॅरामिर आणि त्यांच्या वडिलांचा एक जुना प्रसंग आहे. लाडक्या थोरल्या मुलापुढे कायम कमी ठरलेला हा धाकटा अंगठी घरी का नेऊ पाहतो, हे तिथे कळतं. मूळ सिनेमात हा प्रसंग नसल्याने तो अनेकांना नुसताच कठोर वाटला.

नेमकं काय हरवलं?

दोन्हीकडे फॅरामिर शेवटी फ्रोडोला सोडतोच, त्यामुळे कथा फारशी बदलत नाही. बदलतो तो माणूस. पडद्यावर मोहाशी झगडणारा फॅरामिर जास्त जवळचा वाटू शकतो. पण मोहाला पहिल्याच क्षणी नाही म्हणणारा फॅरामिर भेटतो तो फक्त पुस्तकात. सिनेमा पाहिला असेल आणि पुस्तक राहून गेलं असेल, तर निदान फॅरामिरची प्रकरणं वाचायला हे कारण पुरेसं आहे.