ऑर्कची कैफियत

जग घडलं तेव्हा सगळ्या देवांनी चिठ्ठ्या टाकून जमीन वाटून घेतली. एल्फांच्या वाट्याला हिरवी अरण्यं आली, ड्वार्फांना उंच पर्वत मिळाले, हाफलिंगांना शेतं आणि कुरणं. माणसांना तर वाटेल तिथे राहायची मुभा मिळाली. मग सगळे देव ऑर्कांच्या देवाकडे वळले आणि हसले, कारण चिठ्ठ्या संपल्या होत्या. एकाक्ष ग्रूम्श खवळून उठला. भाल्याने त्याने डोंगर फोडले, अरण्यं कुजवली, शेतं उजाड केली, आणि अशा प्रत्येक भगदाडाकडे दाखवून बजावलं की माझी लेकरं इथे राहतील.

ही कथा छापली गेली जून १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या ‘ड्रॅगन’ मासिकाच्या ६२ व्या अंकात. लेखक रॉजर मूर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळणाऱ्यांसाठी त्यांनी ती लिहिली. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचं, एकाने जग रचायचं, बाकीच्यांनी त्यात पात्रं होऊन वावरायचं आणि निकाल फाशांवर सोडायचा, असा हा खेळ. त्यात ऑर्क, म्हणजे झुंडीने लढणारे कल्पित रानटी जीव, सुरुवातीपासून होते. स्वतःची बाजू मात्र त्यांना नव्हती. मूर यांनी ती दिली, आणि तीही पुराणकथेच्या रूपात. वाटणी करणारेच जिंकणारे होते, ही गोष्ट त्या कथेमुळे उघड बोलली गेली.

त्याआधीचा ऑर्क इंग्रज लेखक टॉल्किन यांचा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ऑर्कांच्या झुंडी जगभरच्या वाचकांच्या ओळखीच्या झाल्या. पण त्यांचा निर्माता त्यांच्याबाबत कधीच निश्चिंत नव्हता. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते. दुष्ट शक्ती विटाळू शकते, नवा जीव निर्माण करू शकत नाही, ही त्यांची धारणा. मग ऑर्क आले कुठून? छळून विकृत केलेले एल्फ? की माणसं? आणि मुळात ते जीव असतील तर त्यांना सुधारणेची वाट कायमची बंद कशी? १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते या प्रश्नाशी झगडत राहिले. त्यांच्या ‘सिल्मरिलियन’मध्ये ‘विकृत केलेले एल्फ’ हे उत्तर छापलं गेलं, पण त्यांच्या उत्तरकाळातल्या टिपणांत दुसरी उत्तरंही सापडतात.

खेळाने हा सगळा पेच बाजूला ठेवला. त्याचं कारण खेळाच्या जन्मात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे निर्माते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघेही युद्धखेळांतून आले. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायच्या, त्यात दोन पक्ष लागतात, आणि पक्षाला कैफियत लागत नाही. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकेत ऑर्कचं नाव तटस्थांच्या यादीतही होतं आणि बेबंदांच्या यादीतही. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या प्राणिकोशात त्याच्या वृत्तीच्या रकान्यात ‘शिस्तबद्ध दुष्ट’ आलं, २००० च्या आवृत्तीत ‘बेबंद दुष्ट’. प्राणी तोच, रकान्यातला शब्द फिरला की स्वभाव फिरला! १९७७ च्या त्या पानावर डुकरासारख्या नाकाचा ऑर्क आहे आणि शेजारी आकडे आहेत: एका वेळी भेटणारे ऑर्क, ३० ते ३००. तळावर बायका आणि पोरं किती असतील याचंही प्रमाण दिलं आहे. त्या पोरांचं काय करायचं, हा प्रश्न त्या एका ओळीने असंख्य टेबलांवर आणून ठेवला. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. ते ज्याने त्याने आपापल्या घरी शोधायचं होतं.

घरी शोधणाऱ्यांत सर्वांत पुढे गेला ग्रेग स्टॅफर्ड. गायगॅक्सचं गाव लेक जिनिव्हा विस्कॉन्सिन राज्यातलं, आणि त्याच राज्यातल्या बेलॉइट कॉलेजात १९६६ मध्ये पहिल्या वर्षाला असताना स्टॅफर्डने स्वतःपुरतं एक जग लिहायला घेतलं: ग्लोरांथा. तेव्हा असा खेळ अस्तित्वातही नव्हता. पुढे १९७८ मध्ये त्याच जगावर ‘रूनक्वेस्ट’ आला. त्याच्या नियमांत सुष्ट-दुष्टाचा रकानाच ठेवलेला नव्हता. आणि १९८२ मध्ये, म्हणजे मूर यांच्या लेखाच्याच वर्षी, स्टॅफर्ड आणि सँडी पीटरसन यांचा ‘ट्रोलपॅक’ हा संच निघाला.

ट्रोल म्हणजे पुलाखाली दबा धरून बसणारा अक्राळविक्राळ, एवढीच ओळख तोवर पुरत होती. स्टॅफर्डचे ट्रोल पाताळातले. अंधार हेच त्यांचं माहेर, आणि तिथे ते सुखाने नांदत होते. मग वर देवांच्या भांडणात सूर्यदेव मारला गेला आणि मेलेला सूर्य पाताळात उतरला. त्याच्या उजेडाने ट्रोल होरपळले, घरदार सोडून पृथ्वीवर पळाले. पुढे एका शापामुळे त्यांच्या पोटी खुरटी, दुबळी पिल्लं जन्मू लागली. समाज मातृसत्ताक, त्यामुळे हे दुःख थेट सत्तेच्या गादीवर बसलेल्या आयांचं. जातीचा ऱ्हास डोळ्यांसमोर चाललेला, आणि त्याच खुरट्या पोरांना गुलामासारखं राबवणारे, प्रसंगी खाणारेही तेच ट्रोल. लेखकांनी त्यांची क्रूरता कुठेही धुऊन काढली नाही, तिला कारण दिलं. या प्रकारच्या लेखनात ‘ट्रोलपॅक’च्या तोडीचं काम फार थोडं झालं आहे.

यानंतर ऑर्कचे अवतार भराभर आले. ब्रिटनच्या ‘वॉरहॅमर’ या खेळाने त्याला हिरवी कातडी दिली. ‘वॉरक्राफ्ट’ या संगणक खेळात १९९४ मध्ये तो आक्रमक होता, २००२ च्या तिसऱ्या भागात आपले लोक घेऊन नवी भूमी शोधणारा नायक झाला.

त्याच २००२ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, नव्या जगासाठी खुली स्पर्धा ठेवली. सुरुवातीला फक्त एक पान पाठवायचं होतं. ११,००० हून अधिक प्रवेशिका आल्या. जिंकला कीथ बेकर, आणि २००४ मध्ये त्याचं ‘एबेरॉन’ पुस्तकरूपाने आलं. त्यातले ऑर्क दलदलीत राहतात आणि खंडातले सर्वांत जुने वनोपासक आहेत. एका काळ्या ड्रॅगनने त्यांना ती विद्या शिकवली. हजारो वर्षांपूर्वी वेडाच्या मितीतून आक्रमण झालं, गॉब्लिनांचं बलाढ्य साम्राज्य त्यात मोडून पडलं, आणि जगाची दारं मंत्राने बंद केली ती या ऑर्कांनी. शहरातल्या माणसांना याचा पत्ताही नाही. ज्यांना ती रानटी म्हणतात, त्यांच्याच पहाऱ्यावर ती जिवंत आहेत. दलदलीत माणसं आणि ऑर्क एकत्र नांदतात, तिथे मिश्र रक्ताचं मूल दोन्ही कुळांचा दुवा म्हणून मानाने वाढतं. बेकरने दात, ताकद, राग यांतलं काहीच काढलं नाही. त्याने फक्त विचारलं, ही ताकद आजवर कुठे खर्ची पडली?

याच जगात उत्तरेला एक शापित प्रदेश आहे. त्याच्या तोंडावर ऑर्कांची आणखी एक शाखा पिढ्यान्‌पिढ्या पहारा देते. आत कोण आहे? राक्षस. आपलेच राक्षस. ते या खेळात १९७५ मध्ये आले, आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्येही आहेत. तिथल्या चित्रात वाघाच्या डोक्याचा राक्षस उंची झगा घालून पाइप ओढत बसला आहे. मंतरलेल्या बाणाचा एकच घाव त्याला मारायला पुरतो. ही कल्पना रामायणातून आलेली नाही, ‘कोल्चॅक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागातून आली. बेकरने राक्षसांना कारस्थानी बुद्धी आणि युगानुयुगांचा इतिहास दिला, पण त्यांची दुष्टता मात्र जन्मजात आणि अटळच ठेवली.

२०२० मध्ये विझर्ड्सने जाहीर केलं की ऑर्कांना यापुढे इतर समाजांइतकंच गुंतागुंतीचं रंगवलं जाईल. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ऑर्क खेळाडूंनी निवडायच्या दहा प्रजातींत आला. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याच्या नावाची स्वतंत्र नोंदच नाही. राक्षसाची आहे, आणि डोकं अजून वाघाचंच.

आपल्या कथांतले राक्षस मात्र एकाच साच्याचे नाहीत: महाभारतातली हिडिंबा भीमाशी संसार मांडते, घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो, रामायणातला बिभीषण भावाला सोडून न्यायाच्या बाजूला जातो. पुण्यात, मुंबईत किंवा न्यू जर्सीत घरच्या टेबलावर स्वतःचं जग मांडणाऱ्या मराठी खेळाडूंनी राक्षसांची बाजू मांडायचं काम हाती घ्यावं. राक्षसाची कैफियत लिहायला लागणारं साहित्य त्यांना लहानपणापासून पाठ आहे.