'ओर्गिझोमाइ' : एका ग्रीक क्रियापदाचा ऐतिहासिक मागोवा

'इलियड'चा पहिलाच शब्द क्रोधवाचक आहे; परंतु तो शब्द 'मेनिस', 'ओर्गे' नव्हे. होमरच्या काव्यात 'ओर्गे' हे नाम किंवा त्यापासून साधलेले 'ओर्गिझोमाइ' (मी रागावतो) हे क्रियापद आढळत नाही. हेसिअडमध्ये 'ओर्गे'चा अर्थ स्वभाव, प्रकृती असा आहे. 'क्रोध' हा अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला व इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये तो रूढ झाला.

या क्रियापदाचे कर्तरी रूप 'ओर्गिझो' म्हणजे चिडवणे. ते तुलनेने विरळ. मध्यम-कर्मणी रूप 'ओर्गिझोमाइ' म्हणजे चिडणे, हेच प्रचलित. भूतकाळी 'ओर्गिस्थेन' हे रूप कर्मणी घडणीचे असले तरी त्याचा अर्थ 'मला राग आला' असाच होतो. ज्याच्यावर राग धरावयाचा त्याची चतुर्थी होते. पाणिनीनेही (१.४.३७) क्रोधार्थक धातूंच्या बाबतीत चतुर्थीच सांगितली आहे, हे साम्य संस्कृतज्ञांच्या सहज लक्षात येईल.

अ‍ॅरिस्टॉटलने 'ऱ्हेटरिक'च्या दुसऱ्या खंडात या क्रियेची केलेली मीमांसा महत्त्वाची आहे. ज्याला आपली अवहेलना करण्याचा अधिकार नाही अशाने ती केल्याचे दिसल्यावर उत्पन्न होणारी, वेदनायुक्त अशी प्रतिशोधाची इच्छा म्हणजे 'ओर्गे'. हा राग व्यक्तीवर असतो, समस्त मानवजातीवर नव्हे. म्हणजेच येथे प्रश्न केवळ मनोविकाराचा नसून प्रतिष्ठेचा आहे. म्हणूनच अथेन्सच्या न्यायालयात वक्ते पंचांना रागावण्याचे उघड आवाहन करीत. मेइडिअसविरुद्धच्या भाषणात डेमॉस्थेनिसने तेच केले. आजच्या न्यायकल्पनेला हे विपरीत वाटेल. तेथे मात्र तो नागरिकाच्या कर्तव्याचा भाग होता.

हा राग राजकारणातही उतरे. इ. स. पू. ४३० मध्ये साथीने व युद्धाने त्रस्त झालेल्या लोकांना, तुम्ही माझ्यावर का रागावता, असे पेरिक्लिस याच क्रियापदाने विचारतो, असे थ्युसिडिडिसने नोंदवले आहे. तरीही लोकांनी त्याला दंड केलाच. इ. स. पू. ४२७ मध्ये बंड करणाऱ्या मिटिलिनीतील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव झाला, तोही 'ओर्गे'च्या भरात. दुसऱ्या दिवशी नागरिकांना पश्चात्ताप झाला. विलंबाने अन्यायग्रस्ताचा राग बोथट होतो, असा क्लिऑनचा आक्षेप होता. डिओडोटसने दयेची भाषा टाळून अथेन्सच्या हिताची बाजू मांडली व थोडक्या मतांनी ठराव फिरला. दुसरी नौका पोहोचली तेव्हा पहिला हुकूम नुकताच वाचून झाला होता. शहर वाचले; परंतु थ्युसिडिडिसच्या आकड्यानुसार बंडाला मुख्यतः जबाबदार ठरवलेल्या हजाराहून थोड्या अधिक लोकांना नंतर मृत्युदंड देण्यात आलाच.